तोंडाचं जाळं, दाताची सुई

[दृश्य: प्रवाळातली रात्र. टॉर्चच्या उजेडात दगडाखालून सरकत येणारा शंख.]

कोनस जिओग्राफस. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळांत राहणारी समुद्री गोगलगाय. आपल्याकडे लक्षद्वीपलाही सापडते. लांबी १० ते १५ सेंटिमीटर, कवच पातळ, हाताला हलकं. दिवसा दडी, रात्री शिकार. खाणं मासे.

माशाचा पाठलाग हिला जमणारच नाही, म्हणून ती आधी त्याला गुंगवते. तिच्या विषात चक्क इन्सुलिन असतं, तेही माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ते पाण्यात मिसळून पाहिलं, तर झेब्राफिशच्या पिल्लांचं पोहणं मंदावलं. रक्तातली साखर उतरली की मासा सुस्तावतो.

[दृश्य: तोंडाचा क्लोजअप.]

आता कडा बघा. पातळ, अर्धपारदर्शक तोंड पसरत जातं आणि गुंगलेले मासे आपसूक आत ओढले जातात. दंश त्यानंतर, आतल्या आत. पचन झालं की हाडं, खवले आणि वापरलेले दात बाहेर टाकले जातात.

दात म्हणजे काटे असलेली पोकळ सुई. सोंडेच्या टोकाशी एका वेळी एकच. मारला की संपला. पुढचा आतल्या दातांच्या पिशवीतून येतो.

खरी गंमत विषात आहे. एकाच लांब विषनलिकेत दोन वेगळी मिश्रणं तयार होतात: एका भागात शिकारीचं, दुसऱ्यात बचावाचं. हे २०१४ मध्ये उघड झालं. माणसाला लुळं पाडतं ते बचावाचं. गोगलगायीला वाटतं, कुणीतरी आपल्यालाच खायला आलंय.

[दृश्य: तळहातावर रिकामा शंख.]

१९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर एका तरुणाने जिवंत शंख तळहातात धरून चाकूने वरची साल खरवडली. दंश झाला, काही तासांत तो गेला.

रुंद टोकाकडून धरला तर धोका नाही, हा समज चुकीचा आहे. सोंड कवचाच्या कुठल्याही भागापर्यंत पोचते, दात कापडी पिशवीतूनही आरपार जातो. दंश फारसा दुखत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. मग बधिरपणा, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबणं.

प्रतिविष नाही. दंशाच्या अवयवाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळा, फळी बांधून तो हलू देऊ नका आणि माणसाला चालवत नेऊ नका. श्वास थांबला तर तोंडाने सुरू ठेवा, रुग्णालयात व्हेंटिलेटरवर. विषाचा अंमल उतरेपर्यंत श्वास चालू राहिला, तर माणूस वाचतो.