आवाज गोड आहे, पण वाक्य पोचतंय का?

(परदेशस्थ सभासदांसाठी मंडळाने यंदाचा मेळावा पणजीत भरवला. त्यातील दुपारच्या सत्रातलं हे भाषण, संकेतस्थळासाठी संपादित केलेलं.)

नमस्कार मंडळी. जेवणानंतरचं सत्र आणि विषय ऐकण्याचा, म्हणजे ऑडिओबुकांचा, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकांचा. तेव्हा कुणाचे डोळे मिटलेले दिसले तर ते एकाग्र होऊन ऐकताहेत असंच मी धरून चालेन.

साहित्य कानांनी घेणं गोव्याला नवं नाही. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ चर्चमध्ये रविवारी आणि सणाच्या दिवशी मोठ्याने वाचला जाई. देवळातली पुराणं, कीर्तनं आणि उत्सवी नाटकं तर इथल्या गावोगावची. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप भारतात आलं तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही घेऊन आलं आणि गाडी चालवताना मराठी कादंबरी ऐकण्याची सोय झाली. त्याबरोबर एक तक्रारही आली, ‘पुस्तक चांगलं आहे हो, पण ऐकवत नाही.’

कारण विचारलं की बहुतेकजण आवाजाकडे बोट दाखवतात. आवाज जाड आहे, किनरा आहे, नाकात आहे. माझ्या मते आवाजाला आपण उगाच जास्त मार्क देतो आणि उगाच जास्त कापतोही. साधा आवाज अर्ध्या तासात कानाच्या सवयीचा होतो. सवय होत नाही ती वाक्याचा शेवट गिळण्याची.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच येतो. ‘त्या रात्री दामू घरी परतला असेल असं गावात कुणालाच वाटलं नाही.’ वाचणाऱ्याचा श्वास ‘वाटलं’पाशी संपला आणि ‘नाही’ ओठांतच राहिलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. छापील पानावर डोळा मागे वळतो; कान वळत नाही. पंधरा सेकंद मागे जायचं बटण असतं, पण एका प्रकरणात ते चारदा दाबावं लागलं की माणूस पुस्तकच बंद करतो.

हे का होतं? पहिलं कारण श्वासाचं. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे संहितेवर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून ठेवणं, आणि शेवटची रेघ क्रियापदाच्या जरा आधी, कर्माच्या अलीकडे मारणं. दुसरं कारण सुराचं. वाक्य संपताना सूर खाली येणारच, तो यायलाच हवा; पण सुराबरोबर आवाजाची ताकदही खाली जाते, ती जाऊ द्यायची नसते. तिसरं कारण यंत्रातलं आहे आणि ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पार्श्वभूमीची गुणगुण काढायला संपादक ‘नॉइज गेट’, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी चाळणी, लावतो. त्याची पातळी जास्त ठेवली तर हळू उच्चारलेलं ‘नाही’ त्याला गोंगाट वाटतं आणि तो ते छाटतो. म्हणजे वाचणाऱ्याने नीट वाचलेलंही वाया जातं. खोली शांत केली तर गेटची गरजच कमी होते, त्याकडे येतोच.

दुसरा मराठमोळा पेच लेखी आणि बोली रूपांचा. पुस्तकात ‘त्याने केले, ते झाले’ असं छापलेलं असतं. तसंच वाचलं की बातम्या वाचल्यासारखं वाटतं. ‘त्यानं केलं, ते झालं’ म्हटलं की घरातलं कुणीतरी सांगतंय असं वाटतं. दोन्ही चालतं. पण पहिल्या प्रकरणात ‘केले’ आणि तिसऱ्यात थकल्यावर ‘केलं’, हे कानाला खुपतं. निर्णय ध्वनिमुद्रणाआधी, लेखकाला किंवा प्रकाशकाला विचारून घ्यावा आणि पहिल्या पानावर लिहून ठेवावा. माझा कौल असा, की निवेदन बोली रूपात, आणि पत्रं, सरकारी कागद, जुनी अवतरणं जशी छापलीत तशी. तेवढ्यानेच पत्र सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळतं.

संवादांत आणखी एक गंमत आहे. ‘जा तू आता,’ असं ती पुटपुटली. इथे सूचना बोलणं संपल्यावर येते. ज्याने पान आधी वाचलेलं नाही तो ‘जा तू आता’ खणखणीत म्हणतो आणि मग ‘पुटपुटली’ वाचून ओशाळतो. म्हणून पुस्तक माइकसमोर बसण्याआधी पूर्ण वाचलेलं हवं, शेवटच्या पानापर्यंत. सतराव्या प्रकरणात कळतं की काका एका पायाने लंगडत आणि तोतरे बोलत. तोवर सोळा प्रकरणं काका अस्खलित बोललेले असतात! पात्रांचा एक तक्ता करावा, त्यात वय, गाव, स्वभाव, बोलण्याची गती. प्रत्येकाच्या आवाजाची दहा-पंधरा सेकंदांची नमुना फाइल जपून ठेवावी, म्हणजे आठवडाभराने तेच पात्र परत आलं तर आवाज जुळवता येतो.

आणि आवाज काढायचे म्हणजे सोंगं आणायची नव्हेत. पुरुष वाचकाने स्त्रीसाठी सूर चढवला की दहातल्या नऊ वेळा विनोद होतो. आवाज थोडा हलका, गती थोडी वेगळी, शब्दांतलं अंतर बदललेलं, एवढं पुरतं. नाटकाची सवय असलेली मंडळी इथेच अडखळतात, आणि गोव्यात ती सवय घरटी एकाला असते. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत जायचं असतं. इथे श्रोता वीतभर अंतरावर असतो. डोळ्यांत पाणी येण्याचं काम श्रोत्याचं, ते वाचणाऱ्याने आधीच उरकून टाकू नये.

गोव्याच्या पार्श्वभूमीवरचं पुस्तक असेल तर उच्चारांची यादी वेगळी करावीच. बाहेरचा वाचक उच्चार शोधायला नकाशा उघडतो आणि रोमी अक्षरांवरून डिचोलीचं ‘बिचोलिम’, साखळीचं ‘संक्वेलिम’, केप्याचं ‘क्वेपेम’ करून मोकळा होतो. त्या स्पेलिंगांतलं शेवटचं एम हे पोर्तुगीज पद्धतीने अनुनासिकाची खूण आहे, ‘म’ नव्हे. एक्स हे अक्षर तिथे ‘श’ असतं. शिवाय मराठीतले दोन च आणि दोन ज: ‘जग सुंदर आहे’ मधला आणि ‘शंभर वर्षं जग’ मधला ज वेगळा. देवनागरी तो फरक दाखवत नाही, वाचणाऱ्याला माहीत असावा लागतो. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना हौसेने वाचायला बसवाल तेव्हा हे आधी घोटून घ्या. त्यांचा ळ बहुधा सुधारतो, ज मागे राहतो.

आता खोली. मंडळाच्या काही सभासदांनी पुस्तकं स्वतः ध्वनिमुद्रित करायचं मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी हे थोडं तपशिलात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसावं. मागे जाड रजई टांगावी. फ्रिज, पंखा, एसी बंद. गोव्यात जून ते सप्टेंबर कौलांवरचा पाऊस आणि रात्री बेडूक यांच्याशी वाटाघाटी होत नाहीत. त्या महिन्यांत संपादन करावं, वाचन नंतर. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, आणि नाकासमोर सरळ नको, थोडा बाजूला. मराठीत ख, घ, थ, ध, फ, भ यांची रेलचेल. समोरच्या माइकवर त्यांचा वारा धप्प आदळतो. बांगड्या काढून ठेवाव्यात, इस्त्रीचा कडक कुर्ता नको, कागदाऐवजी टॅबलेट. दुधाचा चहा आधी घेऊ नये, तोंड चिकट होऊन चटचट आवाज येतो. पाण्याचे घोट आणि आंबट सफरचंदाची फोड हा जगभरच्या वाचकांचा उतारा आहे.

मोजमाप हवं असेल तर ऑडिओबुकं विकणाऱ्या ऑडिबलला पुस्तकं पुरवणाऱ्या एसीएक्स या संकेतस्थळाचे निकष हाताशी ठेवा. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या वर नाही, आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली. शेवटचा आकडा जमला की गेट लागत नाही, आणि मघाचं ‘नाही’ वाचतं.

वेळेचा अंदाज नेहमी चुकतो. तयार झालेल्या एका तासामागे वाचन, दुरुस्ती, संपादन आणि पुन्हा ऐकून तपासणं धरून सहा तास पकडावेत, नवख्यांनी जास्तच. इंग्रजीतला मिनिटाला दीडशे-एकशेसाठ शब्दांचा हिशोब इथे लावू नका. ‘घराबाहेरच्यांनीसुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे. त्या पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचावीत आणि त्यावरून गुणाकार करावा. एका बैठकीत दीड-दोन तासांपलीकडे जाऊ नये, कारण थकव्यात पहिला बळी वाक्याच्या शेवटाचा जातो.

ज्यांना फक्त ऐकायचंय त्यांनी विकत घेण्याआधी नमुना ऐकावा, एवढंच. नमुन्यात बहुधा पुस्तकाची सुरुवात असते आणि सुरुवात सगळेच जपून वाचतात. जमलं तर मधलं, दोन-तीन माणसांच्या संवादाचं पान ऐका, आणि तेही गाडीत. कुजबुज हेडफोनवर सुंदर वाटते, हमरस्त्यावर नाहीशी होते.

शेवटी परवानगीचं. भारतीय कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकाचे हक्क राहतात. तोवर वाचनाला लेखी संमती हवी. तुम्ही राहता त्या देशात मुदत वेगळी असू शकते. अंध व्यक्तींसाठी मात्र सुलभ स्वरूपातली प्रत करायला २०१२च्या दुरुस्तीने भारतात मुभा आहे. त्या कामात हात घालणार असाल तर अभिनय आणखी कमी करा. अनेक अंध श्रोते दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, आणि त्या वेगात नाट्यमय विराम व भावनेचे हेलकावे नुसते अडथळे होतात. मागे संगीत नको. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये, सुरुवातीला प्रकरणाचा क्रमांक आणि नाव स्पष्ट उच्चारलेलं, पानांचे आकडे हवेत का ते त्यांनाच विचारून.