पिवळ्या बेडकाची कातडी

(सुरुवातीला दहा सेकंद फक्त आवाज.)

नागपूरच्या बेसा-पिपळा साईडचा रिकामा प्लॉट आहे हा. जूनमधला पहिला दणदणीत पाऊस, रात्रीचे साडेअकरा. मे महिन्यात इथं नुसत्या भेगा होत्या आणि आता बघा, हळद लावलेल्या नवरदेवांसारखे पिवळेधम्मक बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे! हा इंडियन बुलफ्रॉग. एरवी मातकट हिरवा, हा रंग फक्त नरांना आणि फक्त लगीनसराईत. पोट्टे टॉर्च घेऊन आलेत पण हात कोणी लावत नाही, चामखीळ येते म्हणे. नाही येत बाप्पा, ती माणसाच्याच व्हायरसनं येते.

आता पाठीचा क्लोजअप. ही चमक नुसत्या पाण्याची नाही. कातडीतल्या काही ग्रंथी बुळबुळीत स्राव सोडून अंग ओलं ठेवतात, कारण बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. दुसऱ्या, दाणेदार ग्रंथी, बेडूक घाबरला की रिकाम्या होतात आणि त्यातून निघतात पेप्टाइड्स, म्हणजे प्रोटीनसारख्याच पण छोट्या साखळ्या.

हे कळलं कसं, तर मायकल झासलॉफ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांची पोटं उघडून अंडाशय काढायचे, टाके घालायचे आणि परत त्याच घाण टाकीत सोडून द्यायचे, अभ्यास भलत्याच गोष्टीचा चालला होता, पण एक दिवस लक्षात आलं की जखमा चिघळतच नाहीत! १९८७ मध्ये त्यांनी कातडीतून मॅगेनिन नावाचं जंतू मारणारं पेप्टाइड वेगळं काढलं. हिब्रू भाषेत मागेन म्हणजे ढाल.

तो बेडूक आपल्याकडे नाही, पण हा आहे ना. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेनं २००१ मध्ये ह्याच पिवळ्या गड्याच्या कातडीतून टायगेरिनिन हे तसंच पेप्टाइड शोधलं, जेमतेम ११-१२ अमिनो आम्लांचं, म्हणजे साखळीच्या ११-१२ कड्यांचं. अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणारं हार्मोन, दिलं की कातडी पाझरते, तोच स्राव गोळा केला. असली बरीच पेप्टाइड्स पॉझिटिव्ह चार्जची असतात, बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण निगेटिव्ह, त्यामुळे तिथंच जाऊन चिकटतात आणि आवरण फाडतात. काही त्याच्याही पुढची. एका सॅलॅमँडरच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या नातलगाच्या, कातडीतलं टायलोटॉइन जखमेच्या कडेच्या पेशींना आत सरकायला लावतं, म्हणजे जखम भरत येते. उंदरांवर दिसलंय हे. म्हणून बेडूक पकडून जखमेवर घासत बसू नका, त्याच्या कातडीत विषारी मालही असतो.

मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगॅनन नावाचं मलम शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमांसाठी तयार झालं होतं, पण १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानं, मंजुरी नाकारली.

परत प्लॉटवर येऊ. ही अंडी बघा, पाण्यावर साबुदाणा सांडल्यासारखी. आणि हो, त्याच १९८७ मध्ये भारतानं बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तोवर ह्या तंगड्या टनावारी परदेशी ताटात जात होत्या.

हाच प्लॉट, पुढच्या वर्षीचा जून. मुरूम टाकून झालाय, कंपाउंडचं काम सुरू आहे.

(इथून पुढं निवेदन नाही. ट्रॅक्टरचा आवाज तसाच ठेवा.)