घरात प्रश्न कोण विचारणार?

(दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यापुढे सोलापुरात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

परीक्षेच्या तोंडावर शाळा सुटते आणि पोरं घरी बसतात. कुणी अभ्यासाच्या सुट्टीमुळे, कुणाला कांजिण्या आल्या म्हणून, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये म्हणून. कुणाला अभ्यासिकेत जायची परवानगीच नसते. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं, आणि ते का, हे समोर बसलेल्या पालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. २०२० साली तर अख्खं सोलापूर घरात होतं, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्दच झाला होता. कारण कुठलंही असो, घरी बसलेल्या पोराला सगळे एकच सांगतात, "आता वेळच वेळ आहे, वाच." मला या वाचण्याबद्दलच बोलायचं आहे.

शाळेत काय होतं बघा. सर मध्येच उभं करतात. बाई फळ्यावर गणित सोडवायला बोलावतात. शेजारचा म्हणतो, "तुझं उत्तर काय आलं बे?" आपल्याला काय येत नाही, हे दिवसातून चार वेळा उघडं पडतं. लाज वाटते, पण कळतं. घरी हे सगळं बंद होतं. आतल्या खोलीतून फक्त आवाज येतो, "काय करायलास रे?" "वाचायलोय" म्हटलं की विषय संपला. घरी वेळ भरपूर मिळतो, पण प्रश्न विचारणारं माणूस जातं, आणि खरं नुकसान तिथं होतं.

तोच धडा तिसऱ्यांदा वाचला की सगळं ओळखीचं वाटायला लागतं. 'हे तर येतंय' म्हणून आपण पान उलटतो. पुस्तक समोर असताना ओळखणं सोपं असतं. पेपरात पुस्तक नसतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं एक उतारा चार पाळ्यांमध्ये नुसता वाचला. दुसऱ्यानं एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांमध्ये, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तर वाचणारे ४० टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ६१ वर. मला यात पहिला आकडाच जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचणाऱ्याला त्या संध्याकाळी खरंच सगळं येत असतं. म्हणून तर तो फसतो.

मग घरी करायचं काय? धडा एकदा, पण सावकाश वाचा. पुस्तक मिटा. ते हाताला येणार नाही अशा जागी ठेवा; मांडीवर असलं की डोळा जातोच. आता पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. समजा प्रकाशाचं अपवर्तन घेतलं. नियम लिहा, आकृती काढा, किरण कुठल्या माध्यमात स्तंभिकेकडे वळतो आणि कुठल्या माध्यमात दूर जातो ते दाखवा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं डोकं खाजवा. मग लाल पेन घेऊन पुस्तकाशी ताडून बघा. जिथं लाल झालं तेवढंच पुन्हा करा. यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर तेवढा धागा सांधतो, सगळी चादर उसवत बसत नाही. पोरं मात्र एक आकृती चुकली की पहिल्या ओळीपासून धडा वाचायला घेतात, कारण वाचणं सोपं असतं.

रंगीत पेनांनी पुस्तक रंगवणाऱ्यांचीही निराशा करतो. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. ओळी अधोरेखित करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांचा उपयोग कमी निघाला. वरचा क्रमांक मिळाला स्वतःची परीक्षा घेण्याला आणि अंतर ठेवून उजळणी करण्याला.

अंतराची गोष्ट जुनी आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ सालीच, निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, विसरण्याचा वेग मोजून ठेवला होता. त्याच दिवशी पाच वेळा घोकण्यापेक्षा दोन-तीन दिवस जाऊ देऊन आठवलेलं टिकतं. आपल्या गावात यासाठी वेगळं वेळापत्रक नको. नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात. ज्या दिवशी येतं तो उजळणीचा दिवस धरा. त्या दिवशी तसंही घरात कुणी कुणाला बसू देत नाही. घागरी भरायला वही लागत नाही. मागच्या पाण्याला जे शिकलात ते या पाण्याला तोंडानं म्हणा.

गणिताचं वेगळं आहे. वर्गसमीकरणांची वीस उदाहरणं ओळीनं सोडवली की हात बसतो, पण वर धड्याचं नाव छापलेलं असतं, म्हणून रीत आधीच ठरलेली असते. पेपरात तसं नाव कुठं असतं? अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, वर्गसमीकरणं यांची उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका आणि काढाल ते सोडवा. चुका वाढतील. वाढू द्या.

उन्हाबद्दल थोडं. पत्र्याच्या घरात मार्चच्या दुपारी कुणाचंही डोकं चालत नाही, तिथं झोपाच. पहाट हातची घालवू नका. सकाळच्या सत्रातला बोर्डाचा पेपर अकराला सुरू होतो, म्हणून जुनी प्रश्नपत्रिका अकरालाच, घड्याळ लावून सोडवा. विज्ञान भाग एकला दोन तास, भाषेला तीन. मागांची खडखड चालू असेल तर चालू राहू दे. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत, आणि एकच खोली असेल तर शेजारच्या काकूंकडे.

आता पालकांसाठी. पूर्वभागातल्या, म्हणजे आपल्या शहरातल्या माग-विड्यांच्या वस्तीतल्या, पुष्कळ आया म्हणतात, "सर, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय विचारणार?" तुम्हीच विचारा. विड्या वळता वळता पोराला समोर बसवा आणि म्हणा, आज काय शिकलास ते सांग. घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत सांगायला लावा. मराठीत घोकलेलं वाक्य तिथं चालत नाही, त्याला मुळातून सांगावं लागतं आणि कुठं अडलं ते दोघांनाही दिसतं. मध्येच म्हणा, "कळलं नाही, परत सांग." तो चिडेल, पण सांगेल. पुस्तक तेवढा वेळ तुमच्या ताब्यात ठेवा. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. ते तो नंतर लाल पेन घेऊन स्वतः बघेल.