उपचार सुरू झाले आणि हे जास्तच बिघडले

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा मेसेज आलाय, त्यांच्याच शब्दांत सांगते. "आमचे मिस्टर फौजेतून पेन्शनवर आलेत, मानसोपचाराचे डॉक्टर सुरू करून तीन आठवडे झाले. आधी निदान गप्प तरी बसायचे, आता रात्री ओरडून उठतात, पोरावर चिडतात, परवा जेवता जेवता ढसाढसा रडले. सासूबाई म्हणतात बंद करा ते डॉक्टर, आहे ते बरं होतं. काय करू?"

आज यावरच बोलते. मी डॉक्टर नाही, फौजी घरातली आहे, समुपदेशनाचं थोडंफार काम करते आणि या विषयावरचं मिळेल ते वाचत असते, एवढंच.

आपल्याकडे फौजेचा अभिमान गावागावात आहे. अपशिंगे मिलिटरीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले. जे गेले त्यांचं स्मारक होतं हो, पण जे परत आले त्यांना रात्री झोप लागायची का, हे कुठल्या दगडावर कोरलेलं नसतं. १९१५ साली चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर सैनिकांना होणारा त्रास, हा शब्द छापला, मग व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकेत आवाज उठवला आणि १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहून जाणारा आजार, हे नाव तिथल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आलं. इतिहास इथेच सोडते, ताईंच्या घरात चाललंय ते जास्त महत्त्वाचं.

तर ताई, तुमचे मिस्टर आधी गप्प होते ना, ते गप्प असणं हाच आजाराचा एक भाग होता. डोक्यात एक खोली असते, तिला कुलूप लावून माणूस बाहेर ओसरीवर बसून राहतो, त्या खोलीकडे जाणारी प्रत्येक वाट टाळतो, म्हणजे लग्नाला जायचं नाही, एसटीत मागचीच सीट पाहिजे, हॉटेलात बसलं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. इराकहून आलेले अमेरिकन सैनिक घरी आल्यावरही गाडी रस्त्याच्या मधोमध चालवायचे, कारण तिकडे कडेला बॉम्ब पुरलेले असायचे. दिवाळीच्या फटाक्यांचं सगळेच बोलतात, पण हे बारीकसारीक घरच्यांना 'विचित्र स्वभाव' वाटतं.

आणि उपचारात करतात काय, तर तेच कुलूप उघडतात. प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणून एक पद्धत आहे, साधारण ८ ते १५ बैठका, दीड दीड तासाच्या. त्यात डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, परत परत सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते घरी रोज ऐकायचं. आता सांगा, दहा-पंधरा वर्षं जे दाबून ठेवलं ते रोज कानाने ऐकल्यावर माणूस रात्री शांत झोपेल का? प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपीवाला हात वाकवतो तेव्हा कसं बोंबलायला होतं, तसंच हे. आणि रडण्याचं म्हणाल तर जिथे काहीच वाटत नव्हतं तिथे वाटायला लागलं की पहिल्यांदा आनंद येत नाही, राग आणि रडूच येतं.

सगळ्यांचंच असं बिघडतं असं मात्र नाही. एडना फोआ आणि त्यांच्या टीमने २००२ मध्ये हे तपासलं होतं, थोड्याच लोकांचा त्रास मध्ये वाढला आणि ज्यांचा वाढला त्यांनाही शेवटी बाकीच्यांइतकाच फायदा झाला. तो अभ्यास सैनिकांचा नव्हता, अत्याचार सोसलेल्या बायकांचा होता, हेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाई आपल्या सोयीचं तेवढं सांगते.

दुसरी पद्धत आहे १२ बैठकांची, पॅट्रिशिया रेसिक यांची, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. तिथे भर विचारांवर असतो. फौजी माणसाचा विचार बहुतेक वेळा एकच असतो, "त्या दिवशी ड्युटी माझी होती, मी अदलाबदल केली आणि तो गेला." मग थेरपिस्ट विचारतात, तेव्हा, त्या मिनिटाला, तुम्हाला काय माहीत होतं? आज माहीत आहे ते नको, तेव्हाचं सांगा. इथून खरी हालचाल सुरू होते. या विचारांत आधी फरक पडतो आणि मग बाकीची लक्षणं कमी व्हायला लागतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून ताई, रात्री किती वेळा उठले हे मोजत बसू नका, "सगळं माझ्यामुळेच झालं" हे वाक्य आता कमी येतंय का ते ऐका. झोप बऱ्याचदा मागे राहते, कधी कधी तिच्यासाठी वेगळा इलाज लागतो. आणि कँटीनची रम हा तो इलाज नाही! तिने डोळा लागतो, पण पहाटे तीनला माणूस टक्क जागा.

खोटी आशा मला दाखवायची नाहीये. २०१५ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये सैनिकांवरच्या चाचण्यांचा आढावा आला होता, त्यात या दोन उपचारांनी ४९ ते ७० टक्के लोकांना जाणवण्याइतका फरक पडला, पण साधारण दोन तृतीयांश लोकांना उपचार संपल्यावरही पीटीएसडी होताच. म्हणजे पूर्वीचा माणूस जसाच्या तसा परत मिळेल असं नाही, पण पोरासोबत जत्रेला जाणारा माणूस मिळू शकतो, आणि माझ्या मते ते काही कमी नाही.

नोकरीत असलेल्यांची अडचण वेगळी. फौजेत मेडिकल कॅटेगरी असते, म्हणजे तब्येतीची श्रेणी, 'शेप', त्यातला पहिला एस मनाचा. तो खाली आला की प्रमोशन अडेल म्हणून पोरं तोंडच उघडत नाहीत, आणि ही भीती उगाचची आहे असं मी इथे एसीत बसून म्हणणार नाही. पण पुण्यात एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर २०२३ मध्ये फौजींसाठी टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, खास कक्ष सुरू झाला, निदान फोन तरी करा.

आता ताई, एक फरक नीट लक्षात ठेवा. रडणं, चिडणं, वाईट स्वप्नं, हे डॉक्टरांच्या कानावर घालून सोसता येतं. पण "मी नसलेलाच बरा" असं बोलणं, कागदपत्रं आवरून ठेवणं, दारू एकदम वाढणं, हात उगारणं, इथे पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. आणि पेन्शनीनंतर बँकेत गार्ड म्हणून लागलेल्या बऱ्याच जणांच्या घरात लायसन्सची बंदूक असते, ती सध्या घराबाहेर सुरक्षित कशी ठेवता येईल ते डॉक्टर आणि पोलीस स्टेशनला विचारून लगेच करा, मिस्टरांना सांगून.

सासूबाईंना एवढंच सांगा, बंद करायचं की नाही ते पुढच्या बैठकीत डॉक्टरांसमोर ठरवू, घरात नाही. आणि त्या दिवशी तुम्हीही सोबत जा, आत नाही घेतलं तरी बाहेर बाकावर बसा. येताना चहा प्यायला थांबलात तर भिंतीकडची खुर्ची त्यांना द्या, अजून थोडे दिवस.

नमस्कार.