गाठीच्या आत

पाणी कालच दिलंय, तरी भर दुपारी टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्यात. अशा वेळी पहिला संशय जातो खतावर, मग बुरशीवर. रोप उपटून बघायचं मात्र पटकन सुचत नाही.

हे उपटलेलं रोप. मुळं जागोजागी सुजलीत, मणी ओवल्यासारखी. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर चांगल्या गाठी असतात, त्या नखानं सुटतात. इथं मूळच फुगलंय. गाठ ब्लेडनं चिरा. आत मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसेल. ही सूत्रकृमीची, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमीची मादी. एकदा मुळात ठाण मांडलं की ती हलत नाही. चिकट आवरणात शेकडो अंडी घालते.

अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ०.४ मिलिमीटर. मातीतल्या ओलीतून वळवळत ते मूळ शोधतं, आणि याच वाटेवर पडून असतात 'पाश्चुरिया पेनेट्रान्स' या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली निद्रिस्त रूपं. पडून असतात असंच म्हणायचं, कारण त्यांना जागचं हलता येत नाही. पिल्लू घासून गेलं की धोतराला कुसळं लागावीत तसे ते अंगाला चिकटतात.

गंमत पुढेच आहे. हा जिवाणू पिल्लाला मारत नाही. त्याला मुळात शिरू देतो, खाऊ देतो. मग बीजाणूला कोंब फुटतो आणि कातडी भेदून आत जातो. मादी वाढते, पण अंडी जवळपास नाहीतच. अंगात भरतात बीजाणू, एकेकीच्या २० लाखांपर्यंत. मूळ कुजलं की ते सगळे मातीत.

याच कुळातला पहिला जिवाणू जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफनं १८८८ मध्ये डॅफ्निया या पाण्यातल्या पिटुकल्या जीवात पाहिला आणि त्याला शास्त्रज्ञ लुई पाश्चरचं नाव दिलं.

पण आपला पाश्चुरिया पठ्ठ्या नखरेल. एक वाण प्रत्येक सूत्रकृमीला चिकटेलच असं नाही. प्रयोगशाळेत वाढवणंही कटकटीचं, आणि शेतात जम बसायला काही हंगाम जातात. म्हणून जोडीला दुसरे जिवाणू वापरतात: बॅसिलस फर्मस बीजप्रक्रियेला, स्यूडोमोनास फ्लुरोसन्स रोपवाटिकेत आणि आळवणीला, म्हणजे द्रावण रोपाच्या बुडाशी ओतायला. गाठी दिसल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. मादी तोवर मुळाच्या आत असते, आळवणी बाहेरच राहते. जिवाणू मुळाशी आधी पोचायला हवा.

आता सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हे पिल्लू. डोक्याजवळ दोन गोल ठिपके, शेपटीकडे आणखी तीन. बीजाणू घेऊन ते निघालंय मुळाकडे.

जाऊ द्या त्याला.