गिळण्याच्या तपासण्या : कोणती काय दाखवते

समोर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले डॉक्टर, परिचारिका आणि घरी पक्षाघाताच्या रुग्णाला रोज भरवणारी मंडळी बसलेली आहेत, त्यामुळे गिळण्याच्या तपासण्यांची तुलना मी आपल्या किनारपट्टीवरच्या रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून करणार आहे.

चमचाभर पाणी पाजून ठसका लागतो का ते पाहणे, ही खाटेजवळची तपासणी आवश्यकच आहे. परंतु घशाची संवेदना मंदावलेली असेल तर अन्न श्वासनलिकेत उतरूनही रुग्ण खोकत नाही. ठसका नाही म्हणजे धोका नाही, असे मानून भरवत राहिल्यामुळे काहींना न्यूमोनिया होतो. म्हणून आत काय घडते ते प्रत्यक्ष पाहावे लागते.

त्यासाठीचा जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे व्हिडिओफ्लुओरोस्कोपी. बेरियम, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ, मिसळलेला घास रुग्णाने गिळायचा आणि त्याचा प्रवास क्ष-किरणांच्या चलचित्रात टिपायचा. अमेरिकेतील जेरी लोगमन यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. घास घशातून पुढे सरकण्याचा टप्पा जेमतेम एका सेकंदाचा असतो, त्यामुळे सेकंदाला 30 चित्रे घ्यावीत असा आग्रह धरला जातो. त्याहून कमी घेतल्यास क्षणभरच घडणारी गळती निसटू शकते. जिभेची हालचाल, स्वरयंत्राचे वर उचलले जाणे, अन्ननलिकेच्या तोंडाचे उघडणे आणि अन्न नेमके कोणत्या क्षणी चुकीच्या वाटेला लागले, हे सारे सलग दिसते. मात्र किरणोत्सर्गामुळे तपासणी थोड्या मिनिटांत आटोपावी लागते, बेरियममुळे अन्नाचा मूळ पोत बदलतो आणि रुग्णाला यंत्रापर्यंत न्यावे लागते. दोडामार्गाहून किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून, भर पावसात घाट चढून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोठ्या शहरात नेणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी पद्धत सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला थोडक्यात ‘फीस’ (FEES) म्हणतात. नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घशापर्यंत नेऊन रुग्णाला खाऊ-पिऊ घालायचे आणि स्वरयंत्र वरून पाहायचे. हे यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी नेता येते आणि किरणोत्सर्ग नसल्यामुळे पूर्ण जेवणभर निरीक्षण करता येते. पार्किन्सनचा रुग्ण जेवणाच्या शेवटी थकतो, तो थकवा इथे पकडता येतो. साचलेली लाळ आणि स्वरतंतूंची हालचालही थेट दिसते.

आपल्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की या तपासणीत रुग्णाचे रोजचे अन्न वापरता येते. आजारी माणसाला आपण मोठ्या विश्वासाने पेज देतो. पण पेजेत पातळ पाणी आणि शिजलेली शिते एकत्र असतात, आणि शिते तोंडात घोळवीपर्यंत पाणी पुढे निसटून उघड्या श्वासमार्गाकडे जाऊ शकते. मऊ भाताचा घट्ट गोळा ज्याला नीट गिळता येतो, त्याच रुग्णाला पेज त्रास देऊ शकते. हा फरक पाहायचा तर घरची पेज खाण्याचा रंग घालून दुर्बिणीखाली भरवावी.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच ठोस आहे. गिळण्याच्या ऐन क्षणी घशाच्या भिंती दुर्बिणीला भिडतात आणि पडदा पांढरा होतो. त्या अर्ध्या-एक सेकंदात काय झाले याचा अंदाज मागे उरलेल्या अन्नावरून बांधावा लागतो. तोंडातला टप्पा आणि अन्ननलिका तर दिसतच नाहीत.

सोनोग्राफीने जीभ आणि तिच्या बुडाशी असलेल्या हायॉइड हाडाची हालचाल निर्धोकपणे मोजता येते, पण श्वासनलिकेत अन्न गेले का, हे खात्रीने सांगण्याइतका आधार ती देत नाही. क्ष-किरण टिपणाऱ्या संवेदकांच्या 320 ओळी असलेल्या सीटी स्कॅनने गिळण्याचे त्रिमितीय चित्र मिळते. ते मुख्यतः संशोधनाच्या कामाचे.

माझे मत असे, की आपल्या जिल्ह्यांत कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांच्या प्रशिक्षित जोडीने ‘फीस’ तालुक्यापर्यंत न्यावी, आणि दुर्बिणीला न सुटणारा प्रश्न उरला तरच रुग्णाला क्ष-किरण तपासणीसाठी दूर पाठवावे. दुर्बिणीत सारे ठीक दिसूनही वारंवार न्यूमोनिया होणे, किंवा घास मानेच्या खालच्या भागात अडकल्याची तक्रार असणे, ही अशी कारणे होत. चिठ्ठीत तो प्रश्न स्पष्ट लिहावा. ‘गिळण्याची तपासणी करावी’ एवढे पुरत नाही.

अहवाल वाचताना एक दक्षता घ्यावी. अन्न श्वासमार्गात किती खोल गेले हे मोजणारी रोझेनबेक यांची 1996 मधील 8 पायऱ्यांची मोजपट्टी दोन्ही तपासण्यांत वापरतात. परंतु एकच घास दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी टिपला असताही तपासनीसांनी दुर्बिणीतल्या चित्राला अधिक गंभीर गुण दिल्याचे अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे मागच्या महिन्याची दुर्बीण-तपासणी आणि या महिन्याची क्ष-किरण तपासणी यांचे आकडे शेजारी ठेवून रुग्ण सुधारला असे ठरवू नये आणि तेवढ्यावरून अन्न देण्यासाठी नाकातून घातलेली नळी काढू नये. उपचारांचा परिणाम पाहायचा असेल तर पहिल्या वेळी वापरलेली पद्धत आणि तेच अन्न पुन्हा वापरावे.