प्राचीन रोमचा देवधर्म

रोमच्या देवतांशी आपली ओळख बहुधा ग्रीकांच्या मार्फत झालेली असते. ज्युपिटर म्हणजे झ्यूस, जुनो म्हणजे हेरा, नेपच्यून म्हणजे पॉसायडन अशा जोड्या आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या जोड्या खोट्या नाहीत. त्या रोमन लोकांनी स्वतःच लावल्या होत्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पॉसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आपल्यापैकी अनेकांनी तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहिली असेल. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या ओघात दख्खनमध्ये पोहोचलेल्या या देवाला रोमन माणसाने नेपच्यून म्हणूनच हात जोडले असते. परंतु एवढ्या ओळखीवर थांबलो तर रोमचा धर्म आपल्या हाती लागतच नाही. ग्रीक देवांना जन्मकथा आहेत, प्रेमप्रकरणे आहेत, भांडणे आहेत; रोमच्या स्वतःच्या देवांना अशा कथा फारच थोड्या. देव कोण आहे यापेक्षा त्याच्यासाठी काय करायचे, केव्हा करायचे आणि कोणत्या शब्दांत करायचे याची चिंता रोमन माणसाला अधिक होती, आणि म्हणून हे देव त्यांच्या विधींमधूनच खऱ्या अर्थाने समजतात, असे माझे म्हणणे आहे.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातील केटो या करारी मुत्सद्द्याने शेतीवर लिहिलेले पुस्तक आजही उपलब्ध आहे. त्यात जमिनीची मशागत, तेलाचे घाणे आणि मजुरांचा शिधा यांच्या सोबतीनेच प्रार्थना येतात. देवराईतील झाडे विरळ करायची असतील तर आधी डुकराचा बळी द्यावा आणि म्हणावे, ‘तू देव असशील वा देवी असशील, ज्याची ही राई आहे…’ त्या देवतेचे नाव ठाऊक नाही, ती स्त्री की पुरुष हेही ठाऊक नाही. तरीही तिचा हक्क मान्य आहे आणि तिची परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड चालवायची नाही. रोमन धर्मभावनेचे याहून नेमके दर्शन मला दुसरीकडे कुठे घडलेले नाही. त्याच पुस्तकात शेताच्या शुद्धीचा विधी आहे. डुक्कर, मेंढा आणि बैल हे तीन पशू शेताभोवती फिरवून मार्सला अर्पण करायचे आणि त्याच्याकडे दिसणारे व न दिसणारे रोग दूर ठेव, धान्य व द्राक्षवेली वाढू दे, गुराखी आणि गुरे सुखरूप राख, असे मागणे मागायचे. ज्याला आपण केवळ युद्धाचा देव म्हणून ओळखतो तो मार्स इथे बांधावर राखण करीत उभा आहे. बळी देऊनही कौल अनुकूल मिळाला नाही, तर पुन्हा कोणत्या शब्दांत प्रार्थना करून दुसरा बळी द्यावा, हेही केटो लिहून ठेवतो.

शब्दांविषयीची ही दक्षता शेतापुरती नव्हती. थोरला प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो की राज्याचे अधिकारी प्रार्थना म्हणत तेव्हा एक जण लेखी मजकूर वाचून सांगे, दुसरा त्यात चूक होत नाही ना यावर लक्ष ठेवी, तिसरा लोकांना मौन पाळायला लावी आणि कोणताही अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून वादक पावा वाजवीत राही. विधीत खंड पडला तर तो पहिल्यापासून करावा लागे. नवस बोलताना अटी स्पष्ट असत, आणि देवाने आपली बाजू पाळली की नवस फेडणे हे कर्तव्यच होते. या साऱ्याला कोरडा व्यवहार म्हणणारे अभ्यासक होऊन गेले. मला ते मत मान्य नाही. आपल्याहून प्रबळ असलेल्या शक्तीशी दिलेला शब्द अक्षरशः पाळणे हीसुद्धा श्रद्धाच आहे.

कामे जितकी, तितके देव. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून २५ एप्रिलला रोबिगसची पूजा होई आणि त्याला कुत्र्याचा बळी दिला जाई. दाराच्या फळीचा एक देव, बिजागरीची एक देवी, उंबरठ्याचा आणखी एक देव. माणसांना एक द्वारपाल पुरतो, तिथे रोमन लोकांना तीन देव लागले, अशी टीका पुढे ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने केली. ही टीका वाचायला चुरचुरीत आहे, पण घराच्या आत-बाहेर जाण्याला रोमन जीवनात केवढे महत्त्व होते ते तिच्यातून निसटते. दारांचा अधिपती जेनस प्रार्थनांमध्ये सर्वांच्या आधी आवाहनाचा मानकरी होता. त्याच्या मंदिराची दारे युद्धकाळात उघडी आणि सर्वत्र शांतता असताना बंद असत. पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कार्यांच्या लेखात अभिमानाने नोंदवले आहे की त्याच्या जन्मापूर्वी ती दोनदाच बंद झाली होती आणि त्याच्या कारकिर्दीत सिनेटने ती तीनदा बंद करण्याचा ठराव केला.

कॅपिटोलिन टेकडीवर ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांचे भव्य मंदिर होते. पण रोमचे मर्म मला तिथल्यापेक्षा खाली फोरम या नगरचौकातल्या व्हेस्टाच्या लहान, वर्तुळाकार मंदिरात अधिक जाणवते. ही चुलीची, गृहाग्नीची देवी. कवी ओव्हिडच्या सांगण्यानुसार तिच्या मंदिरात मूर्ती नव्हती, केवळ अग्नी होता. तो राखणाऱ्या सहा कुमारिका सहा ते दहा वर्षांच्या असताना निवडल्या जात आणि तीस वर्षे सेवा करीत: दहा वर्षे शिकण्याची, दहा प्रत्यक्ष कामाची, दहा शिकवण्याची. भरडलेल्या गव्हाच्या पिठात मीठ मिसळून त्या जे मिश्रण तयार करीत ते राज्याच्या प्रत्येक यज्ञपशूवर शिंपडले जाई. म्हणजे एरवी घरातल्या मुलीबाळींनी सांभाळायची चूल आणि पीठ हेच इथे राज्याच्या धर्माचा आधार झाले होते. जूनमधील उत्सवात जात्याला जुंपल्या जाणाऱ्या गाढवांच्या गळ्यात पावांच्या माळा घालीत. मात्र ब्रह्मचर्यभंगाचा दोष सिद्ध झाला तर त्या कुमारिकेला कोलाईन वेशीजवळ जिवंत गाडले जाई. या क्रौर्यावर पांघरूण घालून व्हेस्टाविषयी बोलता येणार नाही.

परके देवही रोममध्ये रीतसर येत. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई हे शत्रुनगर घेताना सेनापती कॅमिलसने तिथल्या जुनोला मंदिराचा नवस बोलून रोमला येण्याची विनंती केली. शुचिर्भूत होऊन, पांढरी वस्त्रे नेसून मूर्ती उचलायला गेलेल्या तरुणांपैकी एकाने ‘जुनो, रोमला येतेस?’ असे विचारले आणि देवीने मान डोलावली असे इतर ओरडले, ही हकिकत इतिहासकार लिव्हीने दिली आहे. तो प्रश्न दैवी प्रेरणेने विचारला की तारुण्यातील थट्टेने, हे त्याने प्रामाणिकपणे मोकळे ठेवले आहे. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला असताना, इ.स.पू. २०४ मध्ये, सिबिल या भविष्यवादिनीच्या ग्रंथांचा आधार घेऊन आशिया मायनरमधून महामाता या देवीची शिळा आणली गेली आणि इ.स.पू. १९१ मध्ये पॅलाटाइन टेकडीवर तिचे मंदिर उभे राहिले. देवी घेतली, तरी तिच्या उन्मादी मिरवणुकीत रोमन नागरिकांना सामील होण्याची मनाई होती. मद्याचा देव बॅकस याच्या गुप्त मंडळ्यांवर इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने कडक निर्बंध घातले, त्यामागेही हीच शिस्त होती: देवाला आक्षेप नव्हता, राज्याच्या नजरेआड चाललेल्या उपासनेला होता.

या धर्माचा शेवटही त्याच्या विधींच्या भाषेतच लिहिला गेला. इ.स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसच्या कायद्याने पशुबळींबरोबरच घरातली पूजाही निषिद्ध ठरवली. घरातल्या लार या रक्षक देवतांना अग्नी, कुटुंबप्रमुखाच्या जीनियस या रक्षक शक्तीला मद्य, कोठारांच्या पेनातेस या देवतांना सुगंध अर्पण करणे, दिवे लावणे, धूप घालणे, माळा टांगणे, हे सारे त्यात एकेक करून नावानिशी नोंदवलेले आहे. कायदा करणाऱ्यांनी ज्युपिटरच्या एकाही कथेवर बंदी घातली नाही. त्या कथा ख्रिस्ती मुलेही पुढे शाळेत शिकत राहिली.